जा, तुझ्या आयेला धाड

गणपती पाण्यात गेले की माझं डोकं फिरतं. दरवर्षी. घरातल्यांना आता सवय झालीय. पितृपक्ष सुरू झाला की नवरा आपणहून चहा करून देतो आणि पेपरमागे तोंड लपवतो. पाऊस ओसरायला लागलेला असतो, मधूनच कडक ऊन पडतं, आणि वारा फिरला की मीरा रोडला, पूनम सागर वसाहतीच्या आमच्या बाजूला चौथ्या मजल्यापर्यंत खाडीचा वास येतो. चिखल, कुजलेली तिवरं, थोडं डिझेल, बरंचसं गटार. शेजारच्या बाई नाक दाबून खिडक्या लावतात. मी उघडते. त्या सगळ्या घाणीच्या तळाशी अजून एक वास असतो आणि तो खाडीकाठी वाढलेल्या माणसालाच ओळखता येतो. जिताड्याचे दिवस आलेत, एवढंच तो सांगतो.

यंदा त्या वासाच्या मागे मागे मी नया नगरच्या बाजारात गेले. जायला नको होतं. बर्फावर वीतभर लांबीचे जिताडे ओळीने मांडले होते, सगळे एका मापाचे, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. मी एक उचलून बघितला. अंगावरची चांदी अजून कोवळी होती.

"ले लो मॅडम, प्लेट साईज है. होटलवाले यही मांगते हैं," विकणारा म्हणाला.

"ये बच्चा है," मी म्हणाले.

"बच्चा ही तो टेस्टी होता है."

त्यावर मी त्याला मराठीतून जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याला ते कळलं असावं, कारण त्याने माझ्या हातातला मासा काढून घेतला आणि परत ओळीत नीट लावून ठेवला.

ज्यांनी जिताडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा खारं आणि गोडं पाणी जिथे एकमेकांत मिसळतं तिथला मासा. पाठीला थोडं कुबड, तोंड मोठं, खालचा ओठ पुढे आलेला, म्हणजे कायम कुणावर तरी रुसल्यासारखा. वाढू दिला तर उभा धरल्यावर माणसाच्या कमरेच्या वर जातो. वाढू दिला तर.

माझं माहेर जुन्या भाईंदरचं, खाडीच्या अंगाचं. सासर इथलं, मीरा रोडचं. माहेर आणि सासर यांच्यात रिक्षाने जावं एवढंच अंतर, पण माणसं दोन मुलखांतली. सासरचे घाटावरचे. त्यांच्यासाठी मासे म्हणजे रविवारी तळलेली सुरमईची तुकडी, काट्याची भीती वाटत वाटत खाल्लेली. लग्नात पान चघळताना सासरे गमतीने म्हणाले, "खाडीकाठची सोयरीक केली खरी, पण जिताडा काही ताटात दिसला नाही." मंडळी हसली. सासरे पुढच्या पानाकडे वळले आणि विसरून गेले. माझा बाप विसरला नाही.

आमच्याकडे रीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, गणपती झाले की, मुलीचा बाप व्याह्याच्या घरी जिताडा घेऊन जातो. अख्खा, डोक्याशेपटीसकट, खांद्यावर टाकून, चारचौघांना दिसेल असा. पिशवीत घालून नाही, तुकडे करून नाही, आणि लहान तर मुळीच नाही. लहान मासा नेला तर पोरीलाच हलकं केल्यासारखं होतं, असं आमची माणसं मानायची. भादव्यात मोठा जिताडा खाडीच्या तोंडाशी येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो का येतो, हे कुणी विचारत नव्हतं.

त्या वर्षी मी गणपतीला माहेरी गेले आणि घरात पाऊल टाकताच काहीतरी बदललंय हे कळलं. भिंतीवर पाग टांगलेली होती. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. माझ्या बापाच्या, आबाच्या, पागेवर आमचं घर चालायचं. बोय, कोलंबी, कालेटं, जे येईल ते. पाग फेकायची, ओढायची, टोपली भरायची, आयने ती डोक्यावर घेऊन गल्ल्या फिरायच्या. ती पाग कोरडी ठणठणीत होऊन खिळ्याला लटकत होती, आणि आबा ओट्यावर बसून करंगळीएवढ्या जाड गळाला कानस लावत होता.

"ह्यो काय प्रकार?" मी आयला विचारलं.

"तुजा बाप येडा झालाय," आय म्हणाली. "म्हनं, पाग न्हाय टाकनार. पाग टाकली का बारकं मासं येतान, बारकं आलं का पोट भरतंय, पोट भरलं का मोठ्याची वाट कोन बगल?"

आबाचा हिशेब एवढाच होता. लहान गळ लावला की लहान मासे लागतात आणि दिवस त्यांच्यातच जातो. मोठा गळ लावायचा, त्याला जिवंत बोय अडकवायची, आणि बसायचं. ज्याचं तोंड तेवढं नाही तो येणारच नाही. आला तर तोच येईल. नाही आला तर रिकाम्या हाताने घरी. रिकाम्या हाताने तो किती वेळा आला ते आयला विचारावं. ती रोज सुकट भाजायची, ओहोटीला चिखलात उतरून निवट्या पकडायची आणि ताट वाढताना म्हणायची, "घ्या, धीराचं कालवण हाय. मीठ बघून घ्या."

मी त्याच्याबरोबर वरसाव्याच्या बाजूला जाऊन बसायचे. तिथल्या हायवेच्या पुलाच्या अलीकडे खडक होते, भरती फिरली की त्यांच्याभोवती पाणी गोल फिरायचं. आबा दोर बोटाभोवती एक वेढा घेऊन धरायचा, उकिडवा बसायचा आणि बोलायचा नाही. वरून ट्रक जायचे, पूल थरथरायचा, तिवरांतून बगळे उठायचे. मला भयंकर राग यायचा. माझ्या नावाने हा हट्ट चालला होता आणि मला कुणी विचारलं नव्हतं. तिकडे सासूबाई फोनवर म्हणत होत्या, "काय गं, तुझ्या वडिलांचा मासा अजून पोहतोच आहे का?" आणि हसत होत्या. मी आबाला म्हटलं, "मला नको तुझा जिताडा. दहा लहान घे, टोपली भर, देऊन टाक. त्यांना काय कळतंय?"

आबा पाण्याकडे बघत म्हणाला, "त्यांना न्हाय कलत. मना कलतंय ना."

अधूनमधून एखादा वीतभराचा उद्योगी निघायचाच. एवढ्याशा तोंडाने एवढ्या मोठ्या गळाला लटकलेला, हावरट मेला. आबा त्याला ओल्या हातात घ्यायचा. हात आधी पाण्यात बुडवायचा, कोरड्या हाताने माशाची कातडी सोलवटते म्हणून. गळ हलकेच मागे फिरवून काढायचा. मग अंगठा आणि करंगळी ताणून त्याचं माप घ्यायचा, आणि पाण्यात सोडताना म्हणायचा, "जा रं, तुझ्या आयेला धाड."

शेजारी बसलेल्या नवख्याला वाटायचं, म्हातारा शिवी घालतोय. पण आबा खरोखरच निरोप द्यायचा. तू जा आणि घरातल्या मोठ्या माणसाला पाठव, माझं काम तिच्याकडे आहे. मग तो कान लावून बसायचा. मासा हातातून सुटताना पाण्याचा बारीक आवाज व्हायचा, तेवढा ऐकला की पुन्हा दोर बोटाला.

मी सासरी परतले तेव्हाही जिताडा नव्हता. आल्याबरोबर सासूबाईंनी दाराकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि "बरं, बरं" म्हणाल्या. ते "बरं, बरं" मी अजून विसरलेले नाही. माणूस शिव्या विसरतो, असल्या गोष्टी राहतात.

आणि मग एक दिवस दुपारी खालून आरडाओरडा ऐकू आला. मी खिडकीतून डोकावले. बिल्डिंगच्या दारात आबा उभा होता आणि त्याच्या खांद्यावरून शेपटी खाली गुडघ्यापर्यंत लोंबत होती. वॉचमन दोन्ही हात पसरून लिफ्टसमोर आडवा उभा. "मछली लिफ्ट में नहीं जाएगा बाबा. सोसायटी का रूल है." आबाला हिंदी जेमतेम. त्याने वॉचमनकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं आणि जिन्याकडे वळला. मी धावत खाली गेले तोवर तो दुसऱ्या मजल्यावर पोचला होता. लोक दारं उघडून बघत होते, काही पटकन लावून घेत होते. त्याचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला होता आणि तो हसत होता. मी आयुष्यात आबाला एवढं हसताना पाहिलेलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर सासूबाई दारात आल्या. मासा बघून मागे सरकल्या. म्हणाल्या, "अगबाई, एवढा मोठा? आमच्या फ्रीजमध्ये कुठे मावणार हा? व्याही, छोटे छोटे आणले असते तर बरं झालं असतं."

इतकी वर्षं झाली. त्या बाईंचं सगळं आजारपण मी केलं, मायेने केलं, शेवटी त्या माझा हात धरूनच गेल्या. पण ते वाक्य आठवलं की आजही माझ्या कानशिलातून वाफ निघते. महिनाभर पाग भिंतीला टांगून, घरादाराला सुकट खायला घालून आणलेला मान तो. आणि यांना फ्रीज आठवला.

आबाला ते लागलंच नाही. तो म्हणाला, "मीच कापून देतो, तुमी काय हात नका लावू." मोरीत बसला. कोयती त्याने कमरेला बांधून आणली होती. मी बादलीने पाणी ओतत होते. त्याने पोट चिरलं आणि आतून अंड्यांची गाबोळी बाहेर आली. पिवळी धमक, दोन्ही बाजूंनी, मोरीभर पसरली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, खोटं कशाला सांगू. गाबोळी तळून खाण्यासारखं सुख नाही. मी आबाला म्हणाले, "केवढी निघाली."

आबाने कोयती खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "बाय, ही बालंतपनाला आलती. आन मी तिला उंबऱ्यावर धरली."

त्याने पुढचं सगळं नीट केलं. खवलं काढली, तुकडे केले, डोकं व्याह्यासाठी वेगळं ठेवलं, मोरी घासून धुऊन दिली. जेवायला मात्र थांबला नाही. सासऱ्यांनी आग्रह केला, हात धरला, तर म्हणाला भरतीची वेळ झालीय. भरती नव्हती. मला माहीत होतं. संध्याकाळी आम्ही गाबोळी तळून खाल्ली, फार सुरेख लागली, आणि त्याचाही मला राग येतो.

पुढच्या वर्षीपासून आबाने रीत बदलली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगत बसला नाही. भावकीत कुणाची पोर लग्न होऊन गेली की हा म्हणायचा, दिवाळी होऊन जाऊ दे, थंडी पडू दे, ती रिती होऊन जाऊ दे, मग बघू. लोक हसले. गणपतीनंतरचा मान थंडीत घेऊन जाणारा हा कोण शहाणा, म्हणाले. पण जिताडा आबालाच लागायचा, त्यामुळे ऐकावं लागलं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझी मुलगी श्रुती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, तेव्हा एकदा जेवताना सहज म्हणाली, "आई, जिताडा लहान असताना नर असतो. सगळेच. काही वर्षं तसे जगतात आणि मोठे झाले की मादी होतात." म्हणजे खाडीतल्या आया या सगळ्या थोराड, आणि प्रत्येक आई आधी कुणाच्या तरी हातातून सुटलेला वीतभर जिताडा होती. मी ते आबाला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मंग मी ज्याला निरोप देत व्हतो, त्योच आय होनार व्हता."

तेव्हापासून माझ्या रागाला बसायला जागा मिळत नाही. मोठे धरा तर आया जातात. लहान धरा तर आया व्हायच्याच राहतात. मधे कुठेतरी एक अरुंद वाट आहे, माणसाने सबुरीने मासा धरावा आणि सबुरीने सोडावा अशी, आणि त्या वाटेवर माझ्या ओळखीतला एकच माणूस चालला. बाकी सगळ्यांनी खाडीला ओरबाडलं. तिवरांवर भराव टाकणारे, रात्रीत डेब्रिजचे ट्रक रिकामे करणारे, पुलावर गाडी थांबवून निर्माल्य पिशवीसकट भिरकावणारे आणि वर हात जोडणारे. त्या हात जोडणाऱ्यांचे तर मला कान उपटावेसे वाटतात.

आणि यात माझा सख्खा भाऊ आहे. हिराजी. आबाची पाग त्याने कधीच मोडीत काढली. खाडीला मिळणाऱ्या नाल्याच्या तोंडावर तो आडवं जाळं लावतो, त्याचा डोळा असा बारीक की त्यातून काडी जाणार नाही. ओहोटीला नाल्यातून जे जे बाहेर पडतं ते ते त्यात. वीतभराचे, बोटभराचे, सगळे.

माझं आणि त्याचं दरवर्षी या दिवसांत भांडण होतं. तो काही मूर्ख नाही, हेच तर दुखणं आहे. "ताई," तो म्हणतो, "मोठा राह्यलाय कुठं? पानी बघ कसं झालंय. तू चौथ्या माल्यावर बसून बोलतेस. मी सोडला तर बाजूचा लावून बसलाय जाळं, तो धरणार. माझ्या हातचा मासा त्याच्या टोपलीत जाणार, एवढाच फरक." मग मी जास्तच ओरडते. तो फोन ठेवून देतो.

श्रुतीचं लग्न यंदा उन्हाळ्यात झालं. आमच्यात बाप खाडीकाठचा नसला तर तो मान आजोबाकडे, आणि आजोबा थकला की मामाकडे येतो. आबा आता फार थकलाय. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, ओट्यावरच्या खाटेवर दिवसभर बसून असतो, पण डोकं शाबूत आहे. आय गेल्यापासून बोलणं अजून कमी झालंय. लग्न झाल्यापासून त्याने एकच धोसरा लावला होता. श्रुतीच्या घरी जिताडा जायला हवा. एक, मोठा, थंडीत. "हिराजी, तवर बारकं सोडत जा. तुज्या जालीतून एक तरी मोठा होऊ दे," असं तो त्याला रोज सांगायचा. त्याला दुसरं काही नकोच होतं. हिराजी हो म्हणायचा. माझ्या देखत म्हणाला होता, आबाच्या गुडघ्याला हात लावून.

मागच्या रविवारी मी माहेरी गेले होते. आबाचे पाय चेपत ओट्यावर बसले होते. ऊन पडलं होतं. हिराजी मागच्या अंगाने आला, निळा टब घेऊन, आणि तो ओट्यावर ठेवला.

"ताई, श्रुतीच्या घरी घेऊन जा. मामाचा जिताडा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

टबात डझनभर असतील. सगळे वीतभराचे. बर्फाचे दोन खडे वर टाकले होते.

"हे?" मी म्हणाले.

"एक मोठा न्हाय भेटत ताई. थंडीतपण न्हाय भेटणार. वजनाला सारखंच हाय."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. त्या सगळ्या वर्षांचं. पण टबाचा आवाज आबाने ऐकला होता. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"भेटला?" आबाने विचारलं.

आबाने हात पुढे केला, चाचपला, टबात घातला. बर्फाच्या पाण्यात हात भिजला, तो भिजू दिला त्याने, मुद्दाम, आणि एक मासा उचलून घेतला. अंगठा आणि करंगळी ताणली. माप घेतलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, नुसतं बदललं. मोठा नाही लागला, पण हा तरी आला, असं काहीसं. आबाच्या हातात लहान जिताडा आजवर कधी मेलेला आलाच नव्हता.

तो खाटेवरून थोडा वाकला. भरतीला खाडीचं पाणी ओट्याच्या ज्या कडेला लागतं त्या बाजूला त्याने हात नेला आणि म्हणाला, "जा रं, तुझ्या आयेला धाड."

आणि बोटं उघडली. मासा ओट्याच्या फरशीवर पडला. आबा कान लावून बसला. पाण्याच्या आवाजाची वाट बघत.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला, आबा," हिराजी म्हणाला.

"न्हाय गेला," मी म्हणाले. "मेलेला हाय, आबा. समदे मेलेले हायेत."

आबाने हात तसाच उघडा धरून ठेवला.